चार्जर लावला की कर्सर नाचतो: लॅपटॉपच्या टचपॅड-कीबोर्डचं परत परत उद्भवणारं दुखणं

टचपॅड घरी चालत नाही, दुकानात नेला की चालतो. परत आणला तर दोन दिवस बरा, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इंदुरात जेल रोडवर किंवा सिल्व्हर मॉलमध्ये लॅपटॉप काखेत मारून जाणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. यात दुकानदार खोटं बोलत नसतो आणि गिऱ्हाईकही नाही. दुकानातल्या टेबलाखालच्या पॉइंटला अर्थिंग असतं आणि रामबागेतल्या जुन्या घराच्या पॉइंटला नसतं, एवढाच फरक असू शकतो.

म्हणून अशा बिघाडात 'काय होतं' यापेक्षा 'केव्हा होतं' हे आधी बघावं. चार्जर लावल्यावरच? झाकण मिटून उघडल्यावरच? अपडेटनंतर? फक्त मराठी टाइप करताना? काही वेळ चालून गरम झाल्यावर? दोन-तीन दिवस हे कागदावर टिपून ठेवा. नवा कीबोर्ड मागवायला घाई नको. चुकीचा भाग बदलला की पैसेही जातात आणि दुखणंही राहतं.

आधी विंडोजला बाजूला ठेवा

कीबोर्डचा बिघाड वस्तूत (हार्डवेअरमध्ये) आहे की विंडोजमध्ये, हे दहा मिनिटांत कळतं. लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि सुरू होताना बायोसचं (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रामचं) बटण टिचकवत राहा. डेल, एसर, असूसमध्ये एफ२, एचपीत एफ१०, थिंकपॅडमध्ये एफ१, लेनोवोच्या बाकीच्या मॉडेल्समध्ये बहुधा एफ२. बायोसमध्ये विंडोज नसतं, त्याचे ड्रायव्हरही (एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) नसतात. तिथे बाणांची बटणं नीट चालली, मेनू आपोआप वरखाली पळाला नाही, तर कीबोर्ड वस्तू म्हणून बहुतेक ठीक आहे. तिथेही निवड आपोआप सरकत असेल तर ड्रायव्हर बदलत बसू नका, एखादं बटण आतून दाबलेलंच राहिलं आहे.

टचपॅडसाठी ही परीक्षा पुरेशी नाही. नव्या बायोसमध्ये टचपॅड चालतो, बऱ्याच जुन्यांत चालतच नाही, त्यामुळे तिथे कर्सर नाही म्हणून टचपॅड गेला असं म्हणता येत नाही. त्यापेक्षा १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) घ्या, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि 'इन्स्टॉल न करता वापरून बघा' हा पर्याय निवडा. हार्ड डिस्कला हात लागत नाही. अर्धा तास टचपॅड तिथे सुरळीत चालला तर दोष विंडोजच्या बाजूचा. तिथेही तसाच अडखळला तर वस्तूचा, किंवा विजेचा. त्या विजेबद्दल पुढे बरंच सांगायचं आहे.

बाहेरचा यूएसबी कीबोर्ड जोडणं हीसुद्धा चांगली चाचणी, पण तिच्यात एक फसवणूक आहे. लॅपटॉपच्या कीबोर्डवरचं कंट्रोल किंवा ऑल्ट अडकलेलं असेल तर बाहेरचा कीबोर्डही वेडावाकडा वागतो, कारण विंडोजच्या लेखी ते बटण दाबलेलंच असतं. विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा. काहीही न दाबता एखादं बटण उजळलेलं दिसलं तर चोर सापडला.

आणखी एक बिनखर्ची उपाय. लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून ठेवा. कीबोर्ड वाचणारी एक छोटी चिप मदरबोर्डवर असते. विंडोज बंद केलं तरी तिला थोडी वीज मिळत राहते, आणि ती कधीकधी अडकून बसते. या उपायानं ती पहिल्यापासून सुरू होते. मात्र दर आठवड्याला हे करावं लागत असेल तर तो उपाय नव्हे, मूळ कारण अजून बाहेर आहे.

चार्जर लावल्यावरच होतं का?

कर्सर थरथरतो, उड्या मारतो, दोन बोटांनी सरकवलं की पान मोठं-लहान होतं, न दाबता क्लिक होतं. चार्जर काढताक्षणी सगळं सुतासारखं सरळ. यावर टचपॅड बदलणारे लोक आहेत, आणि नव्या टचपॅडवरही कर्सर तसाच नाचतो.

टचपॅड बोटाचं वजन ओळखत नाही. त्याच्या पृष्ठभागाखाली बारीक तारांची जाळी असते, बोट जवळ आलं की तिथली विद्युतधारिता किंचित बदलते आणि तो बदल मोजून बोटाची जागा ठरते. मोजमाप इतकं नाजूक आहे की लॅपटॉपची अख्खी बॉडीच विजेच्या गोंगाटावर तरंगत असेल तर बोट कुठलं आणि गोंगाट कुठला हे त्याला कळेनासं होतं. हा गोंगाट अॅडॅप्टरमधून येतो. अॅडॅप्टर २३० व्होल्टचे १९-२० व्होल्ट करताना आत अतिशय वेगानं स्विचिंग करतो. त्यातून उठणारा गोंगाट रिचवायला आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर बसवलेले असतात आणि तीन पिनांच्या अॅडॅप्टरमध्ये त्याची वाट अर्थच्या पिनेतून जमिनीत जाते. अर्थ नसली की वाट बुजली. मग लॅपटॉपच्या धातूच्या भागावर मीटर लावलं तर शंभर-सव्वाशे व्होल्ट एसीसुद्धा दिसू शकतात. प्रवाह मिलिअँपिअरहूनही कमी असल्यानं जोराचा झटका बसत नाही, पण मनगटाला मुंग्या येतात. मुंग्या आणि नाचरा कर्सर जोडीनं आले तर संशय नक्की अर्थिंगवर घ्या.

तपासायचं असं. अॅडॅप्टरची वायर जिथे अॅडॅप्टरमध्ये घुसते तिथे तीन भोकं आहेत का, बघा. मिकी माउसच्या तोंडासारखा आकार असेल तर अर्थची सोय आहे. इंग्रजी आठसारखा दोन भोकांचा असेल तर ती नाहीच. मग भिंतीकडे या. तीन पिनांचा प्लग टू-पिन कन्व्हर्टरवर चढवलेला असेल तर अर्थ तिथेच तुटली. स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डला भोकं तीन दिसतात, पण आत वायर कधीकधी दोनच पदरी असते, हे उघडल्याशिवाय कळत नाही. चार्जर थेट भिंतीतल्या पॉइंटला लावून बघा, नंतर स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या किंवा गीझरच्या पॉइंटला, कारण तिथे अर्थ जोडलेली असण्याची शक्यता जास्त. लॅपटॉपच्या प्लगच्या पिना बारीक असतात, १६ अँपिअरच्या पॉइंटमध्ये त्या सैल बसतात, तेव्हा ६ अँपिअरची भोकं असलेला पॉइंट निवडा. तिथे कर्सर शांत झाला तर लॅपटॉप निर्दोष.

पुढचं काम इलेक्ट्रिशियनचं, पण मीटर कुठे लावतात हे आपल्याला ठाऊक असावं. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या आत, असं दिसलं तर ठीक. फेज-अर्थमध्ये ऐंशी-शंभर किंवा डळमळता आकडा दिसला तर अर्थची तार कुठेतरी तुटली आहे किंवा जोडलीच नव्हती. जुन्या घरांत पॉइंट तीन भोकांचे बसवले जातात आणि तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं.

आपल्या माळव्यातली आणखी एक गंमत. काळी माती पावसाळ्यात ओल धरते तेव्हा अर्थिंग छान चालतं. एप्रिल-मेमध्ये तीच माती आकसते, भेगा पडतात आणि जमिनीतल्या प्लेटपासून सुटते. 'उन्हाळा आला की टचपॅड बिघडतो' या तक्रारीमागे हेही असू शकतं, सगळा दोष उष्णतेचा नसतो. इमारतीचा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे विचारून ठेवा आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतलं जातं का, तेही बघा.

एक जुगाड मात्र कुणीही सुचवला तरी करू नका: पॉइंटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेनं जोडणं. कर्सर थांबतो हे खरं, पण मागे कुठे न्यूट्रल तुटली की लॅपटॉपच्या धातूवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. नळाच्या किंवा गॅसच्या पाइपला तार गुंडाळणंही तितकंच वाईट.

अर्थिंग ठीक असूनही कर्सर नाचत असेल तर चार्जर बघा. डुप्लिकेट चार्जर फिल्टरवर पैसे वाचवतात. त्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त वॅटचा मूळ चार्जर कुणाकडून तासभर मागून घ्या आणि तुलना करा. नवा घेताना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर-पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का, पाहा. टाइप-सीचे बरेच चार्जर मुळातच दोन पिनांचे असतात. त्यांच्यावर हलक्या मुंग्या येणं बिघाड नव्हे, पण टचपॅड मात्र नीट चालायलाच हवा.

टचपॅड दबतच नाही, किंवा एका बाजूनं वर आलाय

इथे थांबा आणि लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगतो का? हात टेकवायच्या भागाच्या कडेला फट पडली आहे का? क्लिक पूर्वी टचकन व्हायचं ते आता दगडासारखं घट्ट झालंय का? असं असेल तर टचपॅडखालची बॅटरी फुगली आहे. बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी बरोबर हाताखालच्या भागात असते. फुगली की ती सर्वांत आधी टचपॅडलाच खालून रेटते, आणि माणूस टचपॅडची तक्रार घेऊन दुकानात जातो.

लगेच चार्जिंग बंद करा, लॅपटॉप बंद करा, आणि टचपॅड वरून दाबून सरळ करायचा प्रयत्न अजिबात करू नका. फुगलेल्या लिथियम बॅटरीला टोक लागलं किंवा ती वाकली तर आग लागू शकते. ती बदलूनच घ्यायची. बदलल्यावर टचपॅड आपोआप खाली बसतो, वेगळा टचपॅड लागत नाही. जुनी बॅटरी बदलणाऱ्याकडेच सोपवा. घरी आलीच तर ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, कचरागाडीवाल्याला वेगळी सांगून द्या.

बॅटरी फुगते ती वयामुळे, उष्णतेमुळे आणि सतत १०० टक्के भरलेली राहिल्यामुळे. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असतो त्यांनी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करावी.

झोपेतून उठल्यावर, किंवा अपडेटनंतर

झाकण मिटलं, उघडलं, टचपॅड गायब. रीस्टार्ट केलं की परत. बंद करून चालू केलं तर मात्र येतोच असं नाही. याचं कारण फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर 'शट डाउन'मध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि पुढच्या वेळी अडकलेल्या ड्रायव्हरसकट परत येतो. 'रीस्टार्ट' मात्र सगळं नव्यानं सुरू करतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे 'पॉवर बटण काय करतं ते निवडा', आणि आत फास्ट स्टार्टअपची खूण काढा. लॅपटॉप सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील.

मग विंडोज आणि एक्स दाबून एम दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडेल. टचपॅड चालत नसला तरी हे सगळं टॅब, बाण आणि एंटरवर होतं. 'ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेस'मध्ये 'आय२सी एचआयडी डिव्हाइस' असेल. त्यावर पिवळा त्रिकोण आणि गुणधर्मांत 'कोड १०' दिसत असेल तर टचपॅड आणि मदरबोर्ड यांचं बोलणं तुटलंय. पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल तर 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' ही खूण काढा. बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर ड्रायव्हरच्या टॅबमध्ये 'रोल बॅक'. ते राखाडी असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मॉडेल क्रमांक टाकून तिथलाच ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं टाळा, ती एक दुखणं काढून चार देतात.

नव्यानं विंडोज टाकून घेतलं आणि टचपॅडच गेला, हा प्रकार फार होतो. नव्या लॅपटॉपमध्ये टचपॅड आय२सी नावाच्या वाटेनं जोडलेला असतो आणि ती वाट उघडायला आधी चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर लागतो. इंटेलमध्ये त्याचं नाव 'सीरियल आयओ', एएमडीमध्ये 'आय२सी कंट्रोलर'. दुकानदार टचपॅडचा ड्रायव्हर टाकत बसतो आणि तो कशावर बसणार? खालची फळीच नसते. क्रम असा: आधी चिपसेट, मग सीरियल आयओ, मग टचपॅड.

एसरच्या काही मॉडेल्समध्ये बायोसमध्येच टचपॅडचा 'बेसिक' आणि 'अॅडव्हान्स्ड' असा पर्याय असतो. तो बदलला गेला असेल तर ड्रायव्हर कितीही टाका, हालचाल नाही. आणि सर्वांत साधी गोष्ट: एफ५ ते एफ११ यांपैकी एखाद्या बटणावर टचपॅडचं चित्र असतं. एफएन धरून ते दाबलं गेलं की टचपॅड बंद, पुन्हा दाबलं की चालू. सेटिंग्जमध्ये 'माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा' ही खूण नसेल तर वायरलेस माउसचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा) लावताच टचपॅड मुकाट होतो. डोंगल मागच्या पोर्टात विसरलेला असतो आणि माउस कपाटात.

टचस्क्रीनच्या लॅपटॉपमध्ये कर्सर न सांगता कोपऱ्यात पळत असेल तर आधी टचपॅडला बोल लावू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये टचस्क्रीन तासभर बंद करून बघा. कडेला तडा गेलेला किंवा तेलकट पडदा खोटे स्पर्श पाठवतो.

'शाळा' लिहायला जावं आणि 'साला' उमटावं

मराठी इन्स्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीत) टाइप करणाऱ्यांना कीबोर्ड तपासायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, लिपीच सांगते. इन्स्क्रिप्टमध्ये ल आणि ळ एकाच बटणावर आहेत, स आणि श एकाच, म आणि ण एकाच. दुसरं अक्षर शिफ्टनं येतं. शिफ्ट गेलं की शाळेचा साला होतो आणि बाणाचा बाम. डाव्या शिफ्टनं ळ येत नाही पण उजव्यानं येतो, तर फक्त डावं शिफ्ट गेलंय. दोन्हींनी येत नसेल तर बटणांचा दोष नसावा, कीबोर्डच्या आतल्या पट्टीकडे किंवा सेटिंगकडे बघा. हलन्त इंग्रजी डीच्या बटणावर असतो. ते झिजलं की जोडाक्षरं फुटतात, 'स्वच्छ'चं 'सवचछ' होतं. मराठी लेखनात ते बटण भरपूर वापरलं जातं, म्हणून ते बाकीच्यांच्या आधी दमलं तर नवल नाही.

शिफ्टचा सतत वापर आणखी एक भूत उठवतो. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की विंडोज 'स्टिकी कीज' चालू करायचं विचारतं. उजवं शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवलं तर 'फिल्टर कीज'. विचारात हात तिथेच राहतो, समोर आलेल्या खिडकीवर न वाचता एंटर मारलं जातं, आणि मग कीबोर्ड इतका मंद होतो की बटण थांबून दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही. नवा कीबोर्ड घ्यायला निघालेल्यांनी आधी सेटिंग्ज, अॅक्सेसिबिलिटी, कीबोर्ड इथे जाऊन दोन्ही बंद करावेत आणि त्यांचे शॉर्टकटही बंद करावेत, म्हणजे ते पुन्हा उठणार नाहीत.

पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा दाखवतो, तेव्हा साइन-इनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात भाषा बघा. तिथे मराठी असेल तर इंग्रजी पासवर्ड जाणारच नाही. विंडोज आणि स्पेसनं भाषा बदलते, डावं ऑल्ट आणि शिफ्टनंही. दुसरा शॉर्टकट नकळत दाबला जातो, म्हणून तो बंद करणं चांगलं: सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा, टायपिंग, अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, आत भाषेच्या हॉट कीज. तिथेच 'प्रत्येक अॅपसाठी वेगळी भाषा' अशा अर्थाची खूण असते. ती असेल तर एका खिडकीत मराठी, दुसरीत इंग्रजी, आणि माणसाला वाटतं कीबोर्डला चक्कर आली.

इंग्रजी टाइप करताना यू, आय, ओच्या जागी ४, ५, ६ येत असतील तर नम लॉक लागलंय. छोट्या जुन्या लॅपटॉपमध्येच हे होतं.

काही बटणंच मेली आहेत

एकच बटण मेलं की चार-पाच, हे आधी मोजा. कीबोर्डखाली बटणं एकेकट्या तारेनं जोडलेली नसतात, आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते आणि प्रत्येक बटण दोन रेषांच्या छेदावर बसतं. एखादी रेष तुटली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात, आणि ती शेजारी-शेजारी असतीलच असं नाही. चार लांबलांबची बटणं एकाच दिवशी गेली तर ब्रशनं साफ करण्यात अर्थ नाही. रिबन केबल (कीबोर्डला मदरबोर्डशी जोडणारी चपटी पट्टी) किंवा आतली पत्री गेली आहे. दोन रेषा ओलाव्यानं एकमेकींना चिकटल्या तर एक बटण दाबल्यावर दोन अक्षरं उमटतात.

एकटं बटण अडकत असेल तर इंदुरात कारण शोधायला लांब जावं लागत नाही. पोह्यांवरची शेव आणि लॅपटॉप एकाच टेबलावर. शेवेचा चुरा बटणाच्या कात्रीसारख्या प्लास्टिकमध्ये जातो, तेल रबराच्या घुमटीवर बसतं आणि बटण चिकट होतं. लॅपटॉप बंद करून तिरका उभा धरा आणि हवेच्या डब्यानं आडव्या फटकाऱ्यांनी हवा मारा, मग बाजू बदलून पुन्हा. डबा उभाच धरायचा, आडवा केला तर आतलं द्रव बाहेर पडतं. तेल राहिलं असेल तर ९० टक्क्यांहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रश किंवा कानकाडी जेमतेम ओली करून बटणाच्या कडेनं फिरवा आणि अर्धा तास सुकू द्या. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असतं, चिकटपणा वाढतो. बटणाची टोपी उचकटायची हौस असेल तर अक्षरांच्या बटणांपुरती ठेवा. स्पेस, एंटर, शिफ्टखाली धातूची तार असते, ती एकदा निसटली की परत बसवताना घाम फुटतो.

चहा सांडला तर काही सेकंदांत तीन गोष्टी: चार्जर ओढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा, आणि लॅपटॉप उघडाच ठेवून तंबूसारखा पालथा घाला. चालतो का हे बघायला मधेच चालू करणं ही सर्वांत महागडी चूक, कारण ओल्या बोर्डाला वीज मिळाली की शॉर्ट होतो. हेअर ड्रायरनं ओल आत ढकलली जाते. तांदळाच्या डब्यात ठेवून काहीही होत नाही. साखर आणि दूध सुकल्यावरही आत राहतात आणि पुढचे काही आठवडे तांब्याच्या रेषा खातात, म्हणून 'दोन दिवस सुकवला, चालतोय' यावर विसंबू नका. दुकानात उघडून अल्कोहोलनं धुवून घ्या. साधं पाणी सांडलं असेल तर आशा जास्त.

रिबन पुन्हा बसवणं

झाकण उघडताना किंवा लॅपटॉप हलवताना टचपॅड येतो-जातो, हातानं कोपरा दाबला की चालतो, तर रिबन सैल आहे. ज्यांनी लॅपटॉप आधी उघडलाय त्यांनीच हे करावं. बहुतेकांना फिलिप्स शून्य नंबरचा स्क्रू ड्रायव्हर पुरतो, काहींना टॉर्क्स ५ (चांदणीसारख्या टोकाचा). कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढून काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू हाताखालच्या भागात गेला तर तो टचपॅडला खालून टोचतो आणि क्लिक अडकतं.

तळ उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, नंतरच दुसरं काही. रिबनच्या टोकाला छोटी पट्टी असते, ती प्लास्टिकच्या चकतीनं नव्वद अंशात उचला, रिबन सरळ बाहेर काढा, टोक अल्कोहोलनं पुसा, वाळू द्या आणि दोन्ही बाजूंनी सारखी आत जाईल अशी बसवून पट्टी दाबा. रिबन तिरकी बसली की एक-दोन रेषा जोडल्याच जात नाहीत, आणि मग वर सांगितलेलं 'चार बटणं मेली' दिसतं.

माउस

वायरलेस माउस अडखळत असेल तर सेल बदला आणि डोंगल यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टातून काढून दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावा. यूएसबी ३ च्या गोंगाटाचा भाग २.४ गीगाहर्ट्झच्या आसपास पडतो आणि बहुतेक डोंगल तिथेच बोलतात. शेजारी बाहेरची हार्ड डिस्क लावली की माउस ओढल्यासारखा चालतो तो याचमुळे. एकदा दाबल्यावर डबल क्लिक होत असेल तर आतला छोटा स्विच झिजलाय, सॉफ्टवेअरनं तो बरा होत नाही.

दुकानात काय विचारायचं

'कीबोर्ड बदलना पड़ेगा' असं ऐकलं की पहिला प्रश्न: कीबोर्ड वेगळा निघतो की सी-पॅनेलसकट (कीबोर्डभोवतीच्या वरच्या कव्हरसकट)? जुन्या जाड लॅपटॉपमध्ये तो दोन-तीन स्क्रूंवर निघतो. पातळ मॉडेल्समध्ये प्लास्टिकच्या वितळवलेल्या टोकांनी पॅनेलला जोडलेला असतो. ती टोकं तोडून नुसता कीबोर्ड बसवला तर मधली बटणं दबताना खाली झुकतात आणि काही महिन्यांत पुन्हा तक्रार येते. तिथे पूर्ण पॅनेलच घ्यावा. दुसरा प्रश्न, जुन्या कीबोर्डच्या पाठीवरचा पार्ट नंबर कोणता? तोच जुळवा. लॅपटॉपचं मॉडेल तेच असलं तरी बॅकलाइटची दुसरी रिबन असलेला आणि नसलेला, आडव्या एंटरचा आणि उभ्या एंटरचा असे प्रकार असतात. भागाची किंमत, मजुरी आणि वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या.

आणि दुकानात जाताना तुमचाच चार्जर आणि घरातलाच एक्स्टेन्शन बोर्ड बरोबर न्या. तिथे चालतो म्हणून लॅपटॉप परत देण्याआधी त्यांना एकदा त्यावर लावून बघायला सांगा.